कमी गुणांचे डॉक्टर आणि शंभर जागांचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)

‘कमी गुणांच्या मुलांना डॉक्टर केलेत, तर उद्या रुग्णांच्या जिवाची जबाबदारी कोण घेणार?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा ऐकावा लागला आहे. विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नकोच असते; प्रश्नाच्या रूपाने तो निकालच देत असतो. अशा वेळी आपण एक तर ओशाळून सामाजिक न्यायाची दोन वाक्ये उच्चारतो, किंवा गुणांना काही अर्थच नसतो असे ठणकावून मोकळे होतो. पहिल्या उत्तराने समोरच्याचे समाधान होत नाही आणि दुसऱ्यावर आपला स्वतःचाही विश्वास नसतो. आपल्या मुलाचे ऑपरेशन असले म्हणजे आपणही डॉक्टरचा हात कसा आहे याची चौकशी करतोच.

म्हणून हा प्रश्न आज मी थोडा दूर नेऊन तपासणार आहे. अमेरिकेत तो न्यायालयापुढे आकड्यांनिशी मांडला गेला आणि ते आकडे निकालपत्रात नोंदले गेले. तेथील वर्णभेद आणि आपली जातिव्यवस्था यांचा इतिहास एक नाही, याचे भान ठेवूनच ते प्रकरण वाचले पाहिजे. तथापि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९२ साली इंद्र साहनी खटल्याचा निकाल देताना त्याची दखल घेतली होती. तेव्हा आपण घेण्यास हरकत नसावी.

प्रथम तेथील पद्धत समजून घेऊ. अमेरिकेतील विद्यार्थी बारावीनंतर थेट वैद्यकीय महाविद्यालयात जात नाही. आधी चार वर्षे तो पदवीचा अभ्यास करतो. प्रत्येक विषयात त्याला श्रेणी मिळते. ‘ए’ला चार, ‘बी’ला तीन, ‘सी’ला दोन अंक, याप्रमाणे चार वर्षांची जी सरासरी निघते तिला जी.पी.ए. म्हणतात. तिच्या जोडीला एक प्रवेशपरीक्षा, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि मुलाखत असते. २०२३-२४ या वर्षी सुमारे ५२ हजार अर्जदारांपैकी सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळाला आणि प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ४ पैकी ३.७७ च्या आसपास होती. म्हणजे ज्याची सरासरी ३.२ आहे, जो एरवी चांगला पदवीधर समजला जाईल, तो या दारापाशी ‘सरासरीहून कमी’ ठरतो. ‘कमी’ हा शब्द कोणत्या उंचीवरून उच्चारला जात आहे, हे येथे आधी लक्षात घ्या.

या सरासरीचा एक स्वभाव आहे. ती काही विसरत नाही. पहिल्या वर्षी बापाची नोकरी गेली, मुलीने रात्रपाळीत दुकान सांभाळून रसायनशास्त्राचा पेपर दिला आणि ‘सी’ श्रेणी मिळवली, तर पुढील तीन वर्षे तिने कितीही उत्तम अभ्यास केला तरी तो ‘सी’ तिच्या सरासरीला कायमचा चिकटून राहतो. त्यावर उपाय नाही असे नाही. पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे आणखी विज्ञानविषय घेऊन सरासरी सुधारता येते. त्यासाठी खास अभ्यासक्रमच चालतात. प्रवेशपरीक्षेचे शिकवणीवर्ग असतात, डॉक्टरांच्या हाताखाली विनावेतन अनुभव घेता येतो. पण या प्रत्येक उपायाला पैसा लागतो, किंवा न कमावता जगण्याची सोय तरी लागते. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने तीन दशकांच्या प्रवेशांचा अभ्यास केला, तेव्हा विद्यार्थ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश उत्पन्नाच्या वरच्या दोन-पंचमांश कुटुंबांतले आढळले. तीस वर्षांत हे प्रमाण फारसे हलले नाही.

आता मूळ प्रकरणाकडे वळू. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे राज्य विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९६८ साली त्याची पहिली तुकडी भरली. पन्नास विद्यार्थी होते. त्यांत कृष्णवर्णीय एकही नव्हता आणि मेक्सिकन वंशाचाही एकही नव्हता. ज्या राज्याची शेते मेक्सिकन मजुरांच्या घामावर उभी आहेत, त्या राज्याच्या सरकारी महाविद्यालयाची ही स्थिती होती. ती बदलावी म्हणून अध्यापकांनी विशेष प्रवेशाची योजना आखली. जागा शंभर झाल्यावर त्यांतील १६ या योजनेसाठी ठेवण्यात आल्या. सर्वसाधारण अर्जदाराची सरासरी २.५ च्या खाली असली तर त्याचा अर्ज तेथेच बाजूला पडे; विशेष योजनेतील अर्जदाराला ही अट नव्हती. १९७३ साली सर्वसाधारण मार्गाने आलेल्यांची सरासरी ३.४९ होती, विशेष मार्गाने आलेल्यांची २.८८, पुढील वर्षी हेच आकडे ३.२९ आणि २.६२ असे होते. फरक खरा होता, आणि तो लपविण्याचे कारण नाही.

पण दुसरा आकडाही तितकाच खरा आहे. १९७१ ते १९७४ या चार वर्षांत विशेष योजनेतून २१ कृष्णवर्णीय आणि ३० मेक्सिकन वंशाचे विद्यार्थी आले. याच चार वर्षांत सर्वसाधारण मार्गाने आलेले कृष्णवर्णीय किती? एक. मेक्सिकन वंशाचे? सहा. ‘दार सर्वांना उघडे आहे’ या वाक्याचा व्यवहारातील अर्थ चार वर्षांत एक विद्यार्थी इतकाच होता.

त्यामागे इतिहासही होता. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडा येथील १५५ वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करून अहवाल दिला. त्याने वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा उंचावला, अनेक भोंदू संस्था बंद पडल्या, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण कृष्णवर्णीयांची जी सात महाविद्यालये त्या वेळी होती, त्यांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच टिकवण्याजोगी आहेत असे त्याने म्हटले आणि पुढील काही वर्षांत उरलेली पाच बंद झाली. त्यांना पैसा देऊन सुधारावे असे कोणाला वाटले नाही; इतर महाविद्यालयांची दारे तर बहुतेक बंदच होती. दर्जाच्या नावाने एका समाजाची वाट बुजवायची आणि साठ वर्षांनी त्याच समाजाला ‘तुमच्यात गुण का नाहीत?’ असे विचारायचे, असा हा न्याय होता.

ॲलन बॅकी या गोऱ्या अभियंत्याने १९७३ आणि १९७४ अशी दोन वर्षे डेव्हिसला अर्ज केला. दोन्ही वेळा नकार आला. त्याची सरासरी ३.४६ होती. आपल्याला वर्णामुळे डावलले असा दावा त्याने केला. २८ जून १९७८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. राखीव १६ जागा अवैध ठरल्या, बॅकीला प्रवेश मिळाला. मात्र अनेक बाबींपैकी एक म्हणून वंशाचा विचार करता येईल, अशी वाट न्यायमूर्ती पॉवेल यांच्या मताने मोकळी राहिली. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात विचारले की, जी राज्यघटना दीर्घकाळ भेदभावाच्या आड आली नाही, तीच आता त्या भेदभावाच्या परिहाराच्या आड कशी येते? पुढे २९ जून २०२३ रोजी त्याच न्यायालयाने प्रवेशातील वंशविचाराची ती उरलेली वाटही बंद केली.

येथपर्यंतची हकीकत आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. जी सहसा सांगितली जात नाही ती पुढे आहे.

डेव्हिसच्या त्याच शंभर जागांत आणखी एक सोय होती. महाविद्यालयाचे अधिष्ठाता आपल्या शब्दावर, वर्षाला पाचपर्यंत विद्यार्थ्यांना प्रवेश देत असत. विद्यापीठाच्या हितचिंतकांची, वजनदार लोकांची मुले त्या वाटेने येत. म्हणजे नियमित परीक्षण टाळून प्रवेश मिळण्याच्या दोन वाटा होत्या. एक शेतमजुराच्या आणि मोलकरणीच्या मुलाची. ती छापील होती, तिच्यासाठी समिती होती, तिचे आकडे उपलब्ध होते. दुसरी वजनदारांच्या मुलांची. तिच्यासाठी एक फोन पुरे होता. न्यायालयात आव्हान कोणत्या वाटेला मिळाले, हे आपण जाणतोच. माजी विद्यार्थ्यांच्या, देणगीदारांच्या आणि प्रसिद्ध व्यक्तींच्या मुलांना विद्यापीठे झुकते माप देतात, हे न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी आपल्या मतात स्पष्टपणे नोंदवले; पण खटला त्या झुकत्या मापाविरुद्ध नव्हता.

आणि ज्याने खटला भरला तो कोण होता? बॅकीचा बाप टपाल वाटणारा पोस्टमन होता, आई शिक्षिका. स्वतः तो व्हिएतनाममध्ये सैनिक म्हणून राहून आलेला. तो धनिकाचा मुलगा नव्हता. साथींनो, हे दृश्य नीट पाहा. शंभर जागा. त्यांतील बहुसंख्य जागा सुखवस्तू घरांतील मुलांच्या हाती जवळजवळ आपोआप जातात, त्यांच्याविषयी वाद नाही. पाच वजनदारांच्या, त्यांच्याविषयीही वाद नाही. उरलेल्या सोळांसाठी पोस्टमनचा मुलगा शेतमजुराच्या मुलाला न्यायालयात खेचतो, आणि सगळा देश दहा-दहा वर्षे त्या सोळा जागांवर भांडतो. जागा शंभरच का, हे कोणी विचारत नाही. बॅकीला आपण खलनायक ठरवले तर या व्यवस्थेचे फावते. त्याची तक्रार खोटी नव्हती. तिचा रोख चुकीच्या माणसांकडे होता.

डेव्हिसच्या योजनेतील उणीवही येथेच सांगितली पाहिजे. योजना ‘वंचितांसाठी’ म्हणून जाहीर झाली होती आणि अनेक गरीब गोऱ्या मुलांनी तिच्यासाठी अर्जही केले होते. त्यांपैकी एकालाही तिच्यातून प्रवेश मिळाला नाही. वर्णाचे दुःख वर्गाच्या दुःखात विरघळून जाते असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे जातीच्या बाबतीत ही चूक समाजवाद्यांनी पूर्वी पुष्कळ केली आहे. परंतु गरिबाला गरिबापासून तोडणारी योजना आपले शत्रू आपणच तयार करते, हे डेव्हिसवरून शिकण्यासारखे आहे.

आता रुग्णाच्या जिवाचा मूळ प्रश्न घेऊ. १९९७ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात डेव्हिसच्याच वीस वर्षांच्या प्रवेशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विशेष विचाराने, म्हणजे केवळ वंशच नव्हे तर इतर परिस्थितीही पाहून, जे आले त्यांच्यापैकी ९४ टक्के पदवीधर झाले. नियमित मार्गाने आलेल्यांपैकी ९८ टक्के. पहिल्या वर्षांतील परीक्षांत त्यांचे गुण कमी राहिले. पण रुग्णालयातील उमेदवारीत त्यांच्याविषयी वरिष्ठांचे मत इतरांहून विशेष वेगळे नव्हते. एक वर्ष आधी प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियाच्या दुसऱ्या एका पाहणीत असे दिसले की, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश भाषिक डॉक्टर आपापल्या समाजाच्या, डॉक्टरांची टंचाई असलेल्या वस्त्यांत इतरांहून कितीतरी अधिक प्रमाणात काम करीत होते. ज्या वस्तीत डॉक्टरच नाही, तेथील रुग्णाच्या जिवाचा विचार ३.९ सरासरीवाल्याने केला नव्हता.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. १९७३ साली विशेष योजनेतून आलेल्या एका डॉक्टराचे १९९० च्या दशकाच्या मध्यास वृत्तपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी फार कौतुक केले; गरिबांच्या वस्तीत काम करणारा आदर्श म्हणून त्याला उभे केले. १९९७ साली रुग्णांच्या बाबतीतील गंभीर हलगर्जीमुळे त्याचा परवाना स्थगित झाला, आणि मग विरोधकांनी त्याच एका माणसावरून सबंध योजनेला फाशी दिली. ३.९ सरासरीवालेही हलगर्जी करतात, त्यांचेही परवाने जातात. पण तेव्हा कोणी त्यांची गुणपत्रिका मागत नाही. तत्त्वाची बाजू एका व्यक्तीच्या खांद्यावर कधी देऊ नये. ती हजारांच्या हिशेबावर उभी करावी.

कमी सरासरीची आणखी एक वाट आहे. ती समुद्रातून जाते. १९७६ साली ग्रेनाडा या चिमुकल्या बेटावर सेंट जॉर्जेस विद्यापीठाला परवानगी मिळाली आणि १९७७ साली तेथे खाजगी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मायदेशी प्रवेश न मिळालेली, पण भरपूर शुल्क भरू शकणारी अमेरिकन मुले हे त्याचे प्रमुख विद्यार्थी होते. पुढे कॅरिबियन बेटांवर अशा संस्थांची रांगच लागली. ऑक्टोबर १९८३ मध्ये रेगन यांनी ग्रेनाडावर सैन्य उतरवले तेव्हा जे कारण पुढे केले, त्यात याच महाविद्यालयातील सुमारे सहाशे अमेरिकन विद्यार्थ्यांची सुरक्षितता हे प्रमुख होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी त्या आक्रमणाचा निषेध केला. या विद्यार्थ्यांची हेटाळणी करण्याचा माझा हेतू नाही. त्यांतील अनेक जण उत्तम डॉक्टर झाले. आणि हाच तर मुद्दा आहे! पैसेवाल्या घरातील मुलाची सरासरी कमी भरली तर त्याला दुसरी संधी मिळते, तो शिकतो, डॉक्टर होतो आणि रुग्ण मरत नाहीत. मग दुसऱ्या संधीने माणूस घडतो हे सिद्धच आहे. ती संधी विकत का घ्यावी लागावी, एवढेच विचारायचे उरते.

तिचे दुसरे उदाहरण त्याच समुद्रात आहे. क्यूबाने १९९९ साली हवानाजवळ लॅटिन अमेरिकन वैद्यकीय विद्यालय उघडले आणि २००१ पासून अमेरिकेतील गरीब घरांतील मुलांनाही तेथे विनामूल्य प्रवेश दिला. अपेक्षा एवढीच की, परत जाऊन त्यांनी डॉक्टर नसलेल्या वस्त्यांत काम करावे. क्यूबाच्या राजवटीविषयी लोकशाही समाजवाद्यांचे जे आक्षेप आहेत ते मी मागे घेत नाही. पण अमेरिकेच्या गरीब मुलांना डॉक्टर करण्याची सोय अमेरिकेने नाकेबंदी केलेल्या देशाने करावी, याची लाज कोणाला वाटावयास हवी?

डेव्हिसनेही नंतर शहाणपणाची एक पायरी चढली. १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सार्वजनिक विद्यापीठांत वंश पाहण्यास बंदी केली. त्यानंतर या महाविद्यालयाने अर्जदाराच्या घरचे उत्पन्न, आईवडिलांचे शिक्षण अशा गोष्टी मोजणारी एक मोजपट्टी तयार केली आणि सरासरीच्या शेजारी तिचाही आकडा ठेवला. विद्यार्थी कोठे पोहोचला याबरोबर तो कोठून निघाला हेही त्यात दिसते. २०२३ च्या निकालानंतर इतर महाविद्यालये ती पाहण्यास डेव्हिसकडे वळली.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राने १९८० च्या दशकात विनाअनुदानित महाविद्यालयांना दारे उघडली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्यास मुभा दिली, त्याचे नावच ‘इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असे आहे. गुणवत्ता अगदीच वाऱ्यावर सोडू नये आणि त्या पैशातून दुर्बलांना साहाय्य व्हावे, असेही न्यायालयाने म्हटले होते. पण आकडा पाहा. डेव्हिसमध्ये शंभरांत सोळा जागा वंचितांना दिल्या तेव्हा गुणवत्ता धोक्यात आली; आपल्याकडे शंभरांत पंधरा परकीय चलनाला दिल्या, तेव्हा देश शांत होता. २००६ साली इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाविरुद्ध दिल्लीचे निवासी डॉक्टर संपावर गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर जागा रिकाम्या राहतात म्हणून पात्रतेची रेषा शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, तेव्हा तसा संप झाला नाही. आपले ग्रेनाडाही आहे. २०२२ साली युक्रेनमधून सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आले, त्यांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थी होते. सरकारी जागा मिळाली नाही आणि खाजगी परवडली नाही, म्हणून ती मुले तिकडे गेली होती; त्यांच्या आईबापांनी त्यासाठी जमिनी विकल्या, कर्जे काढली.

एक शब्द आपल्या परदेशस्थ बांधवांसाठी. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे उघडल्यावर आपले हजारो डॉक्टर तेथे गेले. त्यांतील अनेक जण सरकारी महाविद्यालयांत, जनतेच्या पैशावर, अल्प शुल्कात शिकलेले होते. त्यांच्या कर्तृत्वाचा आदर राखून इतकेच म्हणावेसे वाटते की, ‘आम्हांला कोणी काही दिले नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडी शोभत नाही.

तेव्हा यापुढे तो प्रश्न कोणी विचारला, तर ओशाळू नका आणि गुणांची टिंगलही करू नका. डॉक्टराला विद्या आलीच पाहिजे; अंतिम परीक्षा सर्वांना एकच आणि कसोशीची असावी, हे आपणच आग्रहाने म्हणावे. पण प्रवेशाच्या दारापाशी गुण मोजताना निघण्याचे ठिकाणही मोजा, असे सांगा. आत आलेल्या मुलाला पहिली दोन वर्षे शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि जादा शिकवणी द्या, असे सांगा. पैशाच्या वाटेने येणाऱ्यांचे गुणही याद्यांसह जाहीर करा, अशी मागणी करा. आणि सर्वांत मोठ्या आवाजात सांगा की, सरकारी महाविद्यालये आणि त्यांतील जागा वाढवा. जोपर्यंत जागा शंभरच राहतील, तोपर्यंत पोस्टमनचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा एकमेकांचे वैरी राहतील. आपल्या तालुक्यात हे दोघेही आहेत. पुढल्या महिन्यात अर्ज भरण्याच्या दिवसांत त्या दोघांच्याही घरी आपण गेलो पाहिजे.